भिल्लांना माफी, भिल्लांना फाशी

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत चोरी झाली. फार मोठी नाही. बी विंगमधल्या एका फ्लॅटमधून लॅपटॉप आणि थोडी रोकड गेली. संशय आला रात्रपाळीच्या वॉचमनवर. पोरगा वीस-एकवीस वर्षांचा, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा. मी जळगावचा असल्यामुळे येताजाता "काय भो, जेवला का?" एवढं आमचं बोलणं व्हायचं.

रविवारी क्लब हाउसमध्ये मीटिंग बसली. एक काका म्हणाले, पोलिसात द्या, एकाला आत टाकलं की बाकीचे वॉचमन सुतासारखे सरळ येतील. दुसरे म्हणाले, बाकीच्यांचं सोडा, ज्यानं केलं त्यानं भोगलंच पाहिजे. एक काकू म्हणाल्या, अहो पोर आहे, एजन्सी त्याला दोन-दोन महिने पगार देत नाही, जरा विचारून तर बघा. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "त्या लोकांचं असंच असतं हो. जातच तशी."

यावर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.

शेवटी काय झालं? सीसीटीव्ही त्या रात्री बंद होता, पोलिसांचं झंझट कोणाला नको होतं, म्हणून एजन्सीला सांगून पोरगा बदलून घेतला. चोरी त्यानं केली की नाही हे आजही कोणाला माहीत नाही. चौकशी झालीच नाही, शिक्षा मात्र झाली!

घरी येऊन विचार करत बसलो. त्या खोलीत चार माणसांनी चार वेगवेगळ्या सिस्टिमची रिक्वायरमेंट मांडली होती आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण एकाच सिस्टिमबद्दल बोलतोय. धाक बसवायचा, केलेल्याचं फळ द्यायचं, माणूस सुधारायचा, की जन्मावरून आधीच निकाल लावून टाकायचा? कॉलेजात असताना असले प्रश्न फिलॉसॉफीवाल्यांचे वाटायचे. पण माझ्याच जिल्ह्यात, धरणगाव-धुळ्याच्या परिसरात, सरकारी कागदावर या चारही गोष्टी करून झालेल्या आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातल्या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच माणसानं, एकाच वेळी केल्या.

तर मंडळी, आजचा विकेंडचा लेख त्याबद्दल. थोडा लांबेल. चहा घेऊन बसा. :)

खानदेश इंग्रजांकडे आला 1818 मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. आला तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. 1802 च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. त्याआधी इथले बरेच भिल्ल गावाच्या व्यवस्थेत होते. जागल्या म्हणून रात्रीची राखण करायचे, डोंगरातले घाट सांभाळायचे, आणि त्याबद्दल त्यांचे ठरलेले हक्क असायचे. चोरी झाली की भिल्लानं माग काढायचा. पावलांचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबेल त्या गावानं तो पुढे काढून दाखवायचा, नाहीतर भरपाई द्यायची. विचार केला तर ही पद्धत भारी आहे. चोराचं काय व्हायचं ते होवो, ज्याचा बैल गेला त्याला बैल किंवा बैलाची किंमत मिळाली की नाही, हा तिच्यातला मुख्य प्रश्न. आपल्या आजच्या कोर्टात हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. विचारला गेलाच तर.

दुष्काळानंतर हे सगळं मोडलं. गावच उरलं नाही तर राखण कशाची आणि हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि लुटालूट करू लागले. त्यावर पेशव्यांच्या अंमलदारांचं उत्तर होतं कापाकापीचं. 1804 मध्ये कोपरगावला भिल्लांच्या एका मोठ्या जमावाला विश्वासघातानं घेरून मारलं आणि बहुतेकांना विहिरींत टाकलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. ना खटला, ना गुन्ह्याचा तपास. भिल्ल असणं हाच पुरावा. शाळेत आपण रामशास्त्र्यांची गोष्ट शिकतो, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश! ती गोष्ट मलाही आवडते. पण त्यानंतर तीसेक वर्षांतच त्याच राज्यात डोंगरातल्या माणसासाठी न्यायाधीश नव्हताच. हे शाळेत कोणी शिकवत नाही.

इंग्रजांनी सुरुवातीला फार वेगळं केलं नाही. खानदेशात पहिला मुख्य अधिकारी आला कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्यानं मुख्य ठाणं धुळ्याला आणलं आणि पेठा वसवल्या. (धुळ्याला गल्ली नंबर अमुक असे पत्ते ऐकून हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, हे शहर आखून बांधलेलं आहे.) भिल्लांच्या बाबतीत ब्रिग्जला वरून मिळालेलं धोरण दुहेरी होतं. शरण येईल त्याला माफी आणि नेमणूक, न येईल त्याची रसद तोडून पाठलाग. प्रत्यक्षात पाठलागच जास्त झाला. सातमाळ्याच्या डोंगरातला चील नाईक पकडून फासावर दिला. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. मग त्याच्यामागे पलटणी. डोंगरातल्या तापानं शिपाई मरायचे, भिल्ल एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे. सात वर्षं हे असंच चाललं. आमच्या भाषेत सांगायचं तर दर वेळी प्रोसेस किल करायचा, आणि ती पुन्हा सुरू का होते हे कोणी बघायचंच नाही.

1825 मध्ये धोरण बदललं. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा माणूस पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट म्हणून राहिलेला, मुलूख ओळखणारा. जिंकलेल्या मुलखावरचा त्याचा 1819 चा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. त्यात त्यानं स्वच्छ लिहिलंय की भिल्ल मुळात गावांचे राखणदार होते. म्हणजे लुटारूपणा ही त्याच्या मते जात नव्हती, परिस्थिती होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका साहेबाला जे कळलं होतं ते आमच्या क्लब हाउसमधल्या बी.ई., एम.बी.ए. मंडळींना कळू नये... असो.

खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. दक्षिणेला कन्नडच्या बाजूला ओव्हन्स नावाचा अधिकारी, आणि ईशान्येला धरणगावात लेफ्टनंट जेम्स औट्रम. औट्रमचं वय तेव्हा बावीस! आपल्याकडे बावीसाव्या वर्षी पोरं कॅम्पस प्लेसमेंटची वाट बघत असतात. हाच औट्रम पुढे 1857 मध्ये लखनौला गाजला, पण त्याची खरी उमेदवारी धरणगावात झाली.

कल्पना अशी होती. झालेले गुन्हे माफ. ज्याला शेती करायची त्याला जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई. नाईकांचे जुने हक्क तपासून ते देणं पुन्हा सुरू करायचं. आणि ज्यांना लढण्याशिवाय काही नको त्यांची पलटण, भिल्ल कोअर, उभी करायची. ओव्हन्सनं जमिनीचं काम धरलं, औट्रमनं पलटणीचं. पलटण उभी करणं सोपं नव्हतं. कोपरगाव होऊन वीसच वर्षं झाली होती. "या, बसा, जेवा, तुम्हाला काही करत नाही" या निरोपाचा अर्थ काय असू शकतो हे भिल्लांना चांगलंच माहीत होतं. त्यामुळे सुरुवात हातावर मोजण्याइतक्या लोकांपासून झाली. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जायचा, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात झोपायचा. दोनेक वर्षांत पलटण काहीशे लोकांची झाली आणि खानदेशचे रस्ते बऱ्यापैकी शांत झाले.

इथे मला औट्रमचा पुतळा उभारायचा नाहीये. (कोलकात्याला होता म्हणे, तेवढा पुरे.) माफी देणाऱ्या त्याच हातानं तो न जुमानणाऱ्यांचा पाठलागही करत होता, आणि पलटणीचा एक उद्देश भिल्लांकडून भिल्ल पकडवणं हा होताच. कंपनीला शांतता हवी होती ती सारा वसूल व्हावा म्हणून, हेही उघड आहे. शिवाय एक प्रश्न मला या सगळ्यात कुठेच विचारलेला दिसत नाही. ज्या कुणब्याची गुरं हाकलून नेली, ज्याचं घर जाळलं, त्याला काय मिळालं? लुटणाऱ्याला तगाईचे बैल, आणि लुटल्या गेलेल्याला शांत रस्ता. त्यानं तो सौदा मान्य केला असता का? कदाचित केलाही असता, शांत रस्ता ही लहान गोष्ट नाही. पण त्याला विचारलं नाही. जुन्या माग काढण्याच्या पद्धतीत निदान त्याच्या बैलाचा विषय तरी निघायचा.

आता दुसरी बाजू. ज्या एल्फिन्स्टननं डोंगरात हे केलं, त्यानंच त्याच काळात मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची संहिता करून घेतली. 1827 चे रेग्युलेशन्स. त्यातलं चौदावं रेग्युलेशन गुन्हे आणि शिक्षांचं. बंगाल आणि मद्रासमध्ये तेव्हा मुसलमानी फौजदारी कायदाच दुरुस्त्या करून चालवत होते. मुंबईनं तो बाजूला ठेवून गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा स्वतंत्रपणे लिहून काढल्या. एल्फिन्स्टन जेरेमी बेंथम वाचणाऱ्यांपैकी होता. बेंथमचं म्हणणं थोडक्यात असं: शिक्षा हे मुळात एक दुःख आहे, आणि ते द्यायचं तर त्यातून जास्त दुःख टळणार असेल तरच. बदला म्हणून नाही. आणि शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की होणार हे जास्त महत्त्वाचं. म्हणून कायदा आधी लिहून जाहीर करा, गुन्ह्याच्या मापात शिक्षा ठेवा, आणि माणूस बघून ती बदलू नका.

म्हणजे बघा. सपाटीवर पुस्तकी नियम: अमुक केलंस तर तमुक होणार, ठरलेलं. आणि पन्नास कोसांवर डोंगरात: जे केलंस ते विसरलो, हे बैल घे. एकाच गव्हर्नरची सही. हा ढोंगीपणा होता का? मला आधी तसं वाटलं. पण मग लक्षात आलं की बेंथमच्याच हिशोबानं दोन्ही बसतं. सात वर्षं शिक्षा देऊन दुःख टळत नव्हतं, माफी देऊन टळत होतं, मग माफी द्या. उपयुक्ततावाद्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं, त्याला पुढचा रिझल्ट हवा असतो. हीच त्याची ताकद, आणि माझ्या मते हाच त्याच्यातला बग. कारण उद्या हिशोब उलटा आला तर? माफी देणं महाग पडायला लागलं तर?

तेच झालं. 1836 साली मेकॉले ज्या तुरुंग समितीत होता तिनं 1838 मध्ये अहवाल दिला. कैद्याला शिकवणं, चांगल्या वागणुकीबद्दल सवलत देणं असल्या गोष्टी तिनं नाकारल्या. तुरुंग हा धाक वाटेल असाच हवा, तिथलं काम कंटाळवाणं आणि कष्टाचं हवं. याच मेकॉलेचा दंडसंहितेचा मसुदा 1837 चा. त्याला एल्फिन्स्टनचा कायदाही फारसा पसंत नव्हता, नीट मांडून ठेवलाय एवढंच त्याचं वेगळेपण, असं त्याचं मत. तो मसुदा बऱ्याच दुरुस्त्या होऊन 1860 मध्ये पास झाला आणि 1862 पासून लागू झाला. आपल्या परिचयाचा इंडियन पीनल कोड तो हाच.

दरम्यान डोंगरात माफीचं काय झालं? खाज्या नाईक हे नाव खानदेशाबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, कंपनीच्याच नोकरीतला भिल्ल नाईक. त्याच्या मारहाणीत एक संशयित मेला, त्याला शिक्षा झाली, मुदतीआधी सुटका झाली आणि पुन्हा त्याच घाटावर नोकरीही मिळाली. 1857 मध्ये तो बंडात उतरला. सरकारी खजिना लुटला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. तिथे पकडलेल्या अनेक भिल्लांना जागच्या जागी कोर्ट मार्शल करून गोळ्या घातल्या. 1825 चं धोरण तेहतीस वर्षं टिकलं असं म्हणायचं की तेहतीस वर्षांत संपलं असं म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

मला वाटतं ते गोळ्यांनी संपलं नाही, कागदांनी संपलं. तगाईवर घेतलेली जमीन रोख साऱ्यापायी सावकाराकडे गेली. 1878 च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलातली लाकूडतोड, चराई, मोहाची फुलं गोळा करणं हे परवानगीचे विषय झाले आणि परवानगी नसेल तर गुन्हे. माणूस तोच, काम तेच. फक्त डेफिनिशन बदलली आणि तो गुन्हेगार झाला. 1970 च्या दशकात शहाद्याला (तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं) अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचा लढा दिला, तो हाच शंभर वर्षांचा हिशोब होता.

आणि चौथी रिक्वायरमेंट, "जातच तशी"? तिचाही कायदा झाला. 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात, 1911 च्या दुरुस्त कायद्यानं मुंबई इलाख्यातही. जमातीचं नाव यादीत आलं की बोटांचे ठसे, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि काहींना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत टाकायचं. बेंथमच्या सगळ्या तत्त्वांची इथे वाट लागते. गुन्हा आधी नसतोच, माणूस आधी असतो. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण आपल्या राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला, आणि पोलिसांची नजर फारशी बदलली नाही.

पोलिसांची कशाला, आपलीही नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरत होती. भटक्या माणसाला बघून "हाच तो" म्हणायला कायदा लागत नाही, सवय पुरते. यात सगळ्यात अवघड गोष्ट अशी की मारणारे बरेचसे स्वतः आदिवासी पाड्यावरचे होते. ज्यांच्या पणजोबांना यादीत टाकलं गेलं असेल किंवा नसेल, ती यादी मात्र त्यांच्याही डोक्यात होती.

धुळ्याच्या तुरुंगाबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. 1932 मध्ये तिथे विनोबा होते, जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते, आणि अमळनेरच्या शाळेतून बाहेर पडलेले साने गुरुजी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले, अठरा अध्याय अठरा रविवार, आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. 'गीता प्रवचने' म्हणून घराघरात असलेलं पुस्तक ते हेच. हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तुरुंगात दळण ही शिक्षा होती. विनोबांनी राजकीय कैद्यांना सांगितलं की जबरदस्तीनं कोणी आपल्याकडून काम करून घेऊ शकत नाही, पण आपणहून आपण दळू. मेकॉलेच्या समितीला जे काम कंटाळवाणं म्हणूनच हवं होतं, त्यातला शिक्षेचा भागच त्यांनी काढून टाकला. जातं तेच, पीठ तेच.

अर्थात ते सत्याग्रही होते, त्यांनी कोणाचा लॅपटॉप चोरला नव्हता. खऱ्या गुन्हेगारांवर असा प्रयोग केला तो औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, 1939 मध्ये. कुंपण नसलेली कैद्यांची वसाहत, शेती करणारे खुनाचे कैदी. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आठवतो ना? त्याची मूळ प्रेरणा ही.

1 जुलै 2024 पासून पीनल कोड गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा, माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. बैलाची किंमत परत, हे वाचून मला एकदम तो शिवेपर्यंत गेलेला माग आठवला. आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणारे उल्लेखही त्यात गेले. झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जात बघून ठरवणारी नियमावली 2024 पर्यंत चालू होती, हे दोनदा वाचलं तेव्हा खरं वाटलं.

मग मी कुठला फ्रेमवर्क निवडतो? मला विचाराल तर मर्यादा "केलेल्याचं फळ"वाल्या काकांकडून घेतो: केलंय तेवढंच, सिद्ध झालंय तेवढंच, त्याच्या वर एक दिवसही नाही, भले त्यानं शंभर लोकांना धाक बसणार असो. उद्देश मात्र ओव्हन्सच्या तगाईचा घेतो. आणि त्याला त्या कुणब्याचा बैल जोडतो. धाक हा हेतू म्हणून मला नको, बाय प्रॉडक्ट म्हणून आला तर येऊ दे. हे दिसतं तेवढं सुटसुटीत नाही, मला माहीत आहे. खून, बलात्कार यात बैल परत देता येत नाही, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला तगाईची भाषा ऐकवायची हिंमत माझ्यात नाही. तिथे माझा फ्रेमवर्क क्रॅश होतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आज तरी नाही. कॉमेंट्समध्ये बोलू.

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर "सिक्युरिटी एजन्सी बदलणे" असा विषय आलाय. मी त्याखाली अजून एक विषय टाकायला सेक्रेटरींना मेल केला आहे: त्या पोराचा राहिलेला दोन महिन्यांचा पगार. अजून उत्तर आलेलं नाही.